हौसाचा सीन

१९ जुलै २०१४, शनिवार

फोटो आला! पुरवणीच्या शेवटच्या पानावर, चांगलं अर्धं पान! मी कमरेएवढ्या पाण्यात, कपाळ मोकळं, हातात नारळ. खाली छापलंय — हौसाच्या भूमिकेत किशोरी नाखवा. पहिला सिनेमा आणि अर्धं पान!

डेबोरा मॅडमनी तो कापून क्लिनिकमध्ये माझ्या टेबलामागे चिकटवलासुद्धा. दाढ धरून आलेले पेशंट एकदा भिंतीकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "आठ ऑगस्टला सुट्टी घे. फर्स्ट शोला मीपण येणार."

सेन्सॉरचं सर्टिफिकेटपण मिळालं. एकही कट नाही! परेश सर फोनवर नुसते ओरडत होते. डायरेक्टर माणूस, पण अगदी पोरासारखा.

संध्याकाळी पेपर घेऊन पनवेलच्या मच्छी मार्केटला गेले. आई सुकटीच्या टोपलीमागे बसली होती. तिने हात लुगड्याला पुसले, मग पेपर धरला. खूप वेळ बघत होती. म्हणाली, "माजेसारकीच दिसतंस."

दिसणारच. हौसाचा नवरा समुद्रात गेलाय. नारळी पौर्णिमेला गावातले पुरुष नारळ सोडतात आणि ही विधवा बाई सरळ पाण्यात उतरून आपला नारळ सोडते. तो सीन करताना मी दुसऱ्या कुणाला आठवणार? बाबा गेल्यापासून आई पौर्णिमेला दाराच्या आतच उभी असते. शूटिंगच्या दिवशी ती खडकावर पदर तोंडात धरून बघत होती. कट झाल्यावर एवढंच बोलली — "थंडी भरंल, भायेर ये."

२१ जुलै, सोमवार

मिथुनचा फोन. आवाज पडलेला. "ताय, गावात तुजा फोटो फिरतोय. धर्मराजकाका बोलतो, विधवा बाईच्या हातात नारळ दिला, आपला सण बाटवला."

"पिच्चर बघितलाय का कुणी?"

"फोटो बघितलाय ना."

मी हसले. तो हसला नाही. धर्मराजकाका मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. गावातल्या बोटींना डिझेल, बर्फ, सगळं त्यांच्या सहीने मिळतं. मिथुनचीही बोट आहे, धाकट्या भावाची काळजी कळते मला. पण एका फोटोवरून?

२२ जुलै

आख्खं गाव चिडलंय. न बघितलेल्या गोष्टीवर.

२४ जुलै, गुरुवार

परेश सर पनवेलला आले होते. स्टँडसमोर चहा घेतला. "आपल्याकडे सर्टिफिकेट आहे. कायदा आपल्या बाजूने आहे," तीनतीनदा म्हणाले. चहा तसाच ठेवला, वर साय धरली. "तू अजिबात घाबरू नकोस हं, किशोरी."

तोपर्यंत मी घाबरले नव्हते!

२७ जुलै, रविवार

गावात गेले होते. देवळासमोर मीटिंग. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे कठड्याला टेकून. त्यांच्यात आई. मला मधोमध उभं केलं. 

मी म्हटलं, "काका, एकदा बघा तरी. सर इथे गावातच पडदा लावून दाखवतील. नाही आवडला तर मग बोला."

"मना बघायचा नाय," धर्मराजकाका म्हणाले. "आनी लोकांना बघू द्यायचा नाय. येवडाच ठराव हाय."

"पण त्यात वाईट काय आहे?"

"वाईट नाय त मग बाई, तुजे आयेनं कवा सोडला नारळ? इचार तिला."

सगळे आईकडे वळले. तिने मान खाली घातली. मला तेव्हाच रडू येत होतं, पण रडले नाही.

मग काका जवळ आले. आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखे — "तुजा बाप कालू, त्याची पोर म्हनून सांगतो. पौर्णिमेच्या आत मिटव. नायतर मिथुनची बोट पान्यात जानार नाय. डिझेल नाय, बर्फ नाय. मना पन लोकांना तोंड द्यायचा हाय."

बाबांची बोट आली नाही तेव्हा शोधायला सगळ्यात आधी हाच माणूस गेला होता. हेच वाईट आहे. धड रागपण धरता येत नाही.

२८ जुलै

आईच्या बाजूला बसणाऱ्या गावच्या बायकांनी टोपल्या पलीकडे सरकवल्या. आई एकटीच. गिऱ्हाईकांना काय कळतंय! एक बाई म्हणाली, "बरं झालं, आज ऐसपैस बसलात मावशी."

३१ जुलै, गुरुवार

उरणच्या थिएटरने नाही सांगितलं. मग आणखी दोघांनी. काचा फुटल्या तर कोण भरून देणार, म्हणतात. कुणी जाऊन भेटतंय त्यांना. धमकी नाही म्हणे, नुसतं "सांगून ठेवलंय". पनवेलचा मालक म्हणाला, पोलीस बंदोबस्त आणा, लावतो.

मी आणि परेश सर पोलिसांकडे गेलो. साहेब चांगले बोलले. खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, सणाचा बंदोबस्त आधीच डोक्यावर आहे. तुम्हीच जरा समजून घ्या ना."

सर्टिफिकेटची झेरॉक्स सरांच्या हातात तशीच. बघायलासुद्धा मागितली नाही कुणी.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सेन्सॉरला निदान पत्ता असतो गं. तिथे जाऊन भांडता येतं."

२ ऑगस्ट, शनिवार

संपलं. प्रोड्यूसरने रिलीज रद्द केलं. परेश सर फोनवर रडत होते. माझ्यापेक्षा मोठा माणूस! तीन वर्षं घातली त्यांनी. घर गहाण टाकलंय. इतक्या सगळ्या माणसांचं काम — कॅमेरा, मेकअप, ते रात्रभर पाण्यात दिवे धरून उभे राहिलेले — सगळं एका डब्यात बंद.

मार्केट उठताना आईला सांगितलं. ती टोपली बांधत होती.

"म्हंजी कोनालाच दिसनार नाय?"

"कुणालाच नाही."

"त्या परेशचा काय व्हईल?"

"काय होणार? बुडाला तो."

तिने टोपलीची दोरी परत सोडून बांधली. तिच्या गाडीची वेळ झाली होती. मी विचुंब्याला खोलीवर आले. जेवले नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

लागतोय! शुक्रवारी लागतोय! सरांचाच फोन — "मिटलं बघ. समजुतीने मिटलं. पनवेल, उरण, सगळीकडे लागतोय."

मी क्लिनिकमध्येच किंचाळले. मॅडमच्या खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून पडलेले, ते दचकले!

"पण मिटलं कसं, सर?"

"थोडे कट दिलेत."

"कुठले?"

"बघशीलच गं. एडिटला बसलोय. ठेवतो."

ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

७ ऑगस्ट

अजून उचलत नाहीत. थोडे म्हणजे थोडेच असतील. नारळाचा सीन अर्धा केला असेल. चालेल. अर्धा चालेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आईला म्हटलं होतं, गावातलं वातावरण बघता नाही आलीस तरी चालेल. पण आली. ठेवणीतलं लुगडं नेसून. माझ्या आणि डेबोरा मॅडमच्या मध्ये बसली. लाईट गेल्याबरोबर तिने माझा हात धरला. एवढा घट्ट की मी म्हटलं, "अगं, सिनेमा आहे, बोट बुडत नाहीये." ती हसली नाही.

पहिल्यांदा माझं नाव बघितलं. म्हणजे शोधलं. इतकी नावं भरभर गेली, मला वाटलं नजरेतून सुटलं असेल.

मग विहिरीवरचा सीन यायला हवा होता. नाही आला. मग बाजारातलं भांडण — नाही. मध्यांतर. मॅडमनी पॉपकॉर्न आणलं, माझ्याकडे न बघता दिलं. दुसऱ्या अर्ध्यात पौर्णिमा आली. ढोल, बोटींना पताका, पुरुष, नारळ. कॅमेरा पाण्याकडे वळला.  तिथे मी होते! मला माहितीय, तिथेच उभी होते मी! पाणी दिसलं, आणि पुढचा सीन सुरू झाला.

हौसा नावाची कुणी बाईच नाही त्या सिनेमात. तिच्यावाचून कथेचं काही अडलंसुद्धा नाही. मागची बाई म्हणत होती, "छान आहे नाही, स्वच्छ."

शेवटी टाळ्या वाजल्या. मीपण वाजवल्या बहुतेक. आईने हात सोडलाच नव्हता, म्हणजे नसतील वाजवल्या.

परेश सर बाहेर दाराशी उभे होते. मला बघून चष्मा काढून पुसायला लागले. "किशोरी, दुसरा मार्गच नव्हता गं. एवढंच मागत होते ते." धर्मराजकाका आले होते! सरांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता कसा झाला सगला गोड."

 कशावरून भांडणार होते? आणि कुणाशी?

९ ऑगस्ट

मॅडमनी भिंतीवरचा फोटो काढला नव्हता. मी काढला.

११ ऑगस्ट, सोमवार

काल पौर्णिमा झाली. मी गेले नाही. मिथुनची बोट पाण्यात गेली.

आज दुपारी आई क्लिनिकवर आली. आत येईना. पायरीवरच बोलली —

"धर्मराजकडं मीच गेलतू. बोल्लू, पिच्चर बंद नको करू, येवड्या लोकांचा नुसकान व्हईल. माजे पोरीचा तेवडा काडून टाका, म्हंजी मिटला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. म्हटलं, "मग थिएटरात कशाला आलीस? तुला तर माहीत होतं!"

"म्हनूनच आलू. तवा तुजेजवल कोन बसनार व्हता?"

तिला स्टँडवर सोडलं. गाडी सुटताना ती खिडकीतून बघत होती. मी हात केला नाही.