डावी बाजू बोटभर वर

प्रिय फुटपट्टे,

तुझा निरोप मिळाला. नेटवरच्या मोठ्या बाजारातलं आपलं दुकान तू आधीच बंद केलंस, आता महिनाअखेरीला आपली स्वतःची साइटही बंद करते आहेस, असं कळवलंस. शेवटी लिहिलंस, 'आई, मी तुझं नाव घालवलं.' त्यावर मी नुसतं 'बरं' एवढंच पाठवलं. त्या 'बरं'चा अर्थ तू 'कर बंद' असा घेतला असशील, हे नंतर माझ्या लक्षात आलं आणि मग हातातलं काम सुचेना. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी हवापाण्याचं बोलतो, जेवलीस का विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र. साइट बंद करू नकोस, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तू अर्ध्यातच वाचायचं सोडशील.

आधी घरची खबर. शिलाईचं यंत्र खिडकीपाशी सरकवलंय, उजेड बरा मिळतो. तुझी उशी अजून खुर्चीवरच आहे. खालचा चावीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो की वर एक बाई राहतात, त्या कॉम्प्युटरवर पँटी विकतात. त्याची बहुतेक अशी समजूत आहे की मी पडद्यातून पँट ओढून बाहेर काढते. मी त्याला एकदा नीट बसवून समजावलं, की आम्ही पँट विकत नाही, पँटचा कागद विकतो. गिऱ्हाईक पैसे भरतं, फाइल उतरवून घेतं, घरी छापतं, पानाला पान चिकटवतं आणि त्यावरून कापड कापतं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे किल्ली द्यायची नाही, किल्लीचं चित्र द्यायचं." इतकी वर्षं शिवणकाम करून मलाही हे इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

बाबा चाकांच्या खुर्चीत बसले तेव्हा तू नोकरीसाठी परगावी होतीस, त्यामुळे सुरुवातीचं तुला फारसं माहीत नाही. दुकानातली पँट उभ्या माणसासाठी बेतलेली असते. माणूस सतत बसूनच असला की तिचा पोटाशी चोळामोळा होतो, मागून ती घसरते आणि मागचे खिसे अंगाला रुततात. बाबा म्हणजे कडक इस्त्रीतला माणूस. दारावर थाप पडली की त्यांचा हात आधी मागे जायचा, पँट वर ओढायला, आणि तेवढ्यात पाहुणा आत आला की चेहरा उतरायचा. ते मला बघवेना. मग मी पुढून उतरती आणि मागून उंच अशी पँट बेतली, मागचे खिसे सरळ काढून टाकले. चार वेळा उसवली, पाचव्यांदा जमली. ती बघून दवाखान्यातल्या ओळखीच्या लोकांनीही शिवून घेतल्या. असे दाराच्या मागच्या खिळ्यावर दोन खाकी कागद झाले. एक सगळ्यांचा, एक बाबांचा.

ते गेले आणि मी यंत्रावर चादर टाकली. ती चादर तू काढलीस. सुट्टी घेऊन आलीस, खिळ्यावरचा कागद उतरवलास आणि जमिनीवर पालथी पडून, फुटपट्टी लावलावून त्याची एकेक रेघ कॉम्प्युटरमध्ये घातलीस. जेवायला हाक मारली की 'आले' म्हणायचीस आणि यायची नाहीस, अगदी बापासारखी. पानाच्या कोपऱ्यात तू तो छोटा चौकोन काढलास, छापल्यावर आधी तो मोजून बघा म्हणून, कारण काही प्रिंटर सगळंच आखडून छापतात. मला ते सुचलं नसतं. मग तू फाइल बाजारात ठेवलीस आणि वर आपली साइटही उभी केलीस. मी नाक मुरडलं होतं. बाजारात एवढी वर्दळ असताना जिना चढून आपल्या खोलीत कोण येणार, असं माझं म्हणणं. तू म्हणालीस, बाजारात आपण दुसऱ्याच्या ओट्यावर बसलोय, त्यांनी ऊठ म्हटलं की उठायचं; एक जागा आपली पाहिजे.

आणि त्या बाजाराला मी नावं ठेवणार नाही. पहिलं गिऱ्हाईक त्यानंच दिलं. फोन टिंग वाजला की मी हातातली कात्री ठेवून बघायला जायचे. मग टिंग वाजून तक्रारी यायला लागल्या. 'पँट वाकडी होते.' 'एक बाजू वर जाते.' 'कापड फुकट गेलं.' आपल्या दुकानाच्या नावापुढची एकेक चांदणी कमी होत गेली, आपला कागद शोधणाऱ्याला दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी दुसऱ्यांचे कागद दिसायला लागले. तू रेघ न् रेघ तपासलीस आणि तुला कळलं, की खिळ्यावरच्या दोन कागदांपैकी तू बाबांचा उचलला होतास. ते डावीकडे कलून बसायचे. वजन तिकडे पडून पँट त्या बाजूनं खाली ओढली जायची, म्हणून मी डावी बाजू मागून बोटभर वर घेतली होती. आपल्याकडे कागदावर नाव घालायची पद्धत नाही, हाताला ओळख असते. तू तर हाताळून मऊ झालेला कागद घेतलास. जास्त वापरलाय म्हणजे हाच खरा, असं तुला वाटलं. शिंप्याच्या घरातल्या पोरीलाच असं वाटणार. मला यात राग यावा असं काही दिसत नाही. त्या लोकांचंही चुकलं नाही, सरळ बसणाऱ्याला ती पँट वाकडीच होणार. फक्त बाजारात फाइल पैसे पडताक्षणी जाते. कुणाला गेली, तो कसा बसतो, विचारायची सोयच नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. हीच फाइल तू साइटवरही ठेवली होतीस, आणि बाजारातला गोंधळ निस्तरताना तिकडे बघायचंच विसरलीस. तिथले मेल माझ्याकडे येतात. दोन बोटांनी का होईना, मी उत्तरं देते. गर्दी अजिबात नाही, खोटं कशाला सांगू. पण जो येतो त्याचा पत्ता मला दिसतो आणि दुकानात विचारावं तसं मी त्याला विचारते, बसून बघितलंत का. पहिलं उत्तर एका गवंड्याचं आलं. परांचीवरून पडला, तेव्हापासून खुर्चीत आहे. पँट त्याच्या बायकोनं शिवली. त्यानं एवढंच विचारलं होतं, "ताई, मी डावीकडे कलतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी रडले. यंत्रावर डोकं टेकून चांगली रडले. मग उठून तोंड धुतलं आणि त्याला लिहिलं, की कुणी सांगितलं नाही, हे मला आधीपासून माहीत होतं.

त्यानंतर एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांचा भाऊ उजवीकडे कलतो, मग काय करू, असं विचारत होत्या. मी म्हटलं, कागद पालथा घाला आणि त्यावरून कापा, डावं ते उजवं होईल. त्यांनी भावाचा फोटो पाठवला. पँटीपेक्षा त्याचं हसूच मोठं आलंय त्यात. सरळ बसणारं कुणी आलं की मी सांगते, डाव्या तुकड्याकडे बघूच नका, उजवाच दोनदा कापा, एकदा सुलट, एकदा पालथा. आता मी फाइल पोचायच्या आधीच विचारून घेते, कुठल्या बाजूला कलता. एकही पँट वाकडी झालेली नाही. तेव्हा माझं नाव कुठे गेलंय ते मला तरी सापडत नाहीये.

परवा गवंड्याचा पुन्हा मेल आला. त्यानं साइटवरचं 'आमच्याविषयी' हे पान उघडलं होतं. हा कागद मुळात कुणासाठी कापला ते त्याला वाचायचं होतं. तिथे तू 'लवकरच' एवढंच लिहून ठेवलंयस, आणि बाबांना जाऊन इतके दिवस झाले तरी ते तसंच आहे. तुला ते का लिहवलं नाही, मला कळतं. मलाही लिहवत नव्हतं. शेवटी काल दुपारी कागद घेऊन मीच ते पान लिहायला बसले. 'आम्ही' असा शब्द लिहिला आणि गाडी अडली, कारण बाबा नाहीत, तू रुसून बसलीस, आणि मी एकटी 'आम्ही' कशी होणार. मग तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि हातानं आपोआप लिहिलं, 'प्रिय फुटपट्टे'. ते पान म्हणजे हेच. यातून चावीवाला काढ, माझं रडणं काढ, उरेल ते 'लवकरच'च्या जागी टाक. सरळ बसणाऱ्यांचा कागद यासोबत पाठवते आहे. त्याची वेगळी फाइल कर आणि हवं तर पुन्हा बाजारातही ठेव. पण बाबांचा कागद साइटवरच राहू दे, आणि त्याला फुटपट्टी लावू नकोस. डावी बाजू बोटभर वर आहे, ती तशीच असू दे.

तुझीच,
खिडकीपाशी बसलेली आई