हरणाचा मुखवटा

निल्झा,

पाहुणे गाडीत बसलेत, हॉर्नवर हॉर्न वाजवतायत. यांना चार खोरी फिरवून पाचव्या दिवशी गोम्पाच्या मठातल्या मुखवटा-नाचाच्या उत्सवाला आणायचंय. आपल्या म्हाताऱ्या अबीला तिथे तूच घेऊन ये. मागे बसा. मी समोर दिसलो तर ती मलाच विचारत बसेल.

हरणाचा मुखवटा नाचायला आला की म्हणेल, "आपला स्कल्झांग ना गं?" हो म्हण. बर्फ फुटून आपला भाऊ नदीत गेला, हे अजून तिच्या कानावर घातलेलं नाही. मुखवट्याआड कोण आहे ते कुठे दिसतं! नातवाला द्यायला सुक्या जर्दाळूंचं गाठोडं तुझ्या हातात देईल. ते घे, पण घरी परत आणू नकोस.

एवढं लिहिलं आणि अबीच दारात आली. हातात जुनी लोकरी पट्टी. म्हणाली, "त्या नव्या पोराला दे. शिंगं जड असतात रे, मान सोलून निघते. स्कल्झांगला मी द्यायचे. याला कोण देणार?"

पट्टी माझ्या खिशात आहे. वरचं सगळं खोडायला हवं, पण हात धजत नाही.

— तुझा दादा, अचो तुंडुप