राखेनं घासलेलं मशीन

मु. पो. भरे, ता. मुळशी
पाडव्याचा आदला दिवस

थोरल्या भावजींच्या पायावर डोकं ठेवून धाकट्या भावजयीचा, बायजाचा, दंडवत.

हितं मी, अठरा शेरडं आन तुमचं कर्ण्याचं मशीन, समदी बरी हायेत. तुमचे भाऊ मेंढरं घेऊन खाली कोकणात हायेत, तेबी बरेच असतील, न्हाईतर फोन आला असता. तुमचा गुडघा कसा हाय? डाक्टरनं जिना चढू नका म्हणलंय तर चढू नका, तुमाला वर कोण बोलावतंय? पत्र बघून घाबरू नका. फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई (मी तोंड उघडलं की "आदी फ्यूज बघ"), म्हणून चौथीपतुरची शाळा कामाला लावली.

मामंजींनी मशीन आणलं तवापासून बिरोबाच्या जत्रंत पहिलं चांगभलं आपल्या कर्ण्यातून आन आपल्या घरच्या तोंडून. तुमी लेकाकडं सोलापूरला गेलात आन मशीन मुकं झालं. भैरू आता पंच झालाय (मिशी आदीच वाढवली व्हती). त्यानं सांगितलं, पाडव्यापतुर मशीन बोललं न्हाई तर भाड्यानं डीजे आणू आन चांगभलं मी म्हणीन. एकदा मान त्याच्या ओट्यावर गेला की परत येतोय व्हय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी मशीन उघडलं. आतल्या काचेच्या बाटल्या, तुमी वॉल्व म्हणता त्या, डोक्याला काळ्या पडलेल्या. म्हणलं, कंदिलाच्या काचेगत काजळी धरलीय. काढल्या आन चुलीच्या राखेनं घासल्या. दोन दीस घासल्या. काळं काय निघंना (ते आतून असतंय आन तसंच पायजे असतंय, हे कुणी लिहून ठेवलंय का वर?), पण वरचे नंबर मात्र सफाचाट झाले. मोठ्या दोन बाटल्या मोठ्या भोकांत बसल्या. बारक्या दोन सारख्याच, पाय सारखे, उंची सारखी. कुटली कुटं, देवाला ठाऊक.

तुमाला फोनवर हे सांगितलं. मला वाटलं आता शिव्या बसत्यात. तुमी म्हणालात, "बायजा, काचंतून आत काय दिसतंय ते सांग." मी सांगितलं, एकीत दोन खोल्या हायेत, दुसरीत एकच, जाळी मारलेली. तुमी म्हणालात, जाळीवाली माईककडं, दोन खोल्यांची तिच्या शेजारी. झालं! भावजी, माझ्या सख्ख्या आईनं कप फुटला तरी मला झोडपलंय. तुमी एक वाकडा शब्द बोलला न्हाई. ते मी इसरायची न्हाई.

मशीन लागलं, पण बोलायचं सोडून म्हशीवाणी रेकायला लागलं. कंडेन्सर, तो करंट साठवणारा डबा, गेलाय म्हणालात, आन बटण बंद केलं तरी त्याला हात लावू नको म्हणालात. बंद मशीनात कुटला करंट, ह्यांचं वय झालं, असं मनात म्हणून मी बोट लावलं. वैरणीच्या गंजीत जाऊन पडले. (शेरडं अजून माझ्याकडं संशयानं बघत्यात.) तवापासून तुमचा शब्द म्हणजे बिरोबाचा शब्द. मग मशीन डोक्यावर घेऊन पिरंगुटला गेले. पाण्याच्या जळक्या मोटारी भरणारा राजू म्हणाला, "मावशी, हे भंगारात घाला." म्हणलं, तू आदी भंगारात जा, मी सांगते तितं कथलाचा डाग दे. तुमी फोनवर सांगत गेलात, मी त्याला सांगत गेले, आन त्यानं नवा कंडेन्सर बसवला.

घरी येऊन बटण दाबलं. काय न्हाई. बाटल्या तापाया येळ लागतोय हे तुमी तीनदा सांगितलं व्हतं, पण माझ्यात दम कुटला! वैतागून माईकम्होरंच म्हणलं, "आग लागो त्या भैरूच्या मिशीला!" तवर बाटल्या तापल्या व्हत्या. पार शेजारच्या घोटवड्यापतुर ऐकू गेलं म्हणत्यात. आवाज लई गोड, भावजी, रेकणं न्हाई, खरखर न्हाई, एकेक अक्षर सुटं.

तुमचे उपकार कसे मानायचे ते मला शाळंत शिकवलं न्हाई. तुपाचा डबा पाठवतेय. सूनबाईला सांगा, तूप तुमच्या भाकरीवर वाढायचं, पाव्हण्यांच्या न्हाई.

तुमची भावजय,
बायजा

ता. क. : सोबत एक कागद हाय. त्यावर लिहिलंय की थोरला भाऊ म्हणून चांगभल्याचा माझा मान मी बायजाला देतोय. पंच म्हणत्यात, थोरल्यानं लिहून दिल्याबिगर बाईच्या हातात माईक न्हाई. फुली मारलीय तितं सही करा आन जत्रंच्या आत पाठवा.

आनखी ता. क. : सही कराया मन होत न्हसंल तर राग न्हाई. चांगभलं मीच म्हणणार, कारण मशीन चालू कराया गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाई. पण मान मी घेतला असं गावाला सांगाया मला बरं वाटंना, भावजी. तो तुमी दिला असं सांगायचंय.