शेजारचा तारा

३ मार्च, दुपार

प्रिय मौनीबाबा,

आधी आशीर्वाद घे आणि मग हव्या तेवढ्या शिव्या दे, कारण गेले दोन आठवडे मी तुझे फोन उचलले नाहीत. आई मजेत आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना तिनं इतकं पाणी घातलं की खालचे लोक वर येऊन भांडून गेले. झाली घरची बातमी. आता खरी बातमी वाच, आणि वाचताना खुर्ची घट्ट धर.

दिवाच मंदावलाय! पडदा नाही, दिवा!

सभेत सांगते तसं पहिल्यापासून सांगते. सवय जात नाही. आपली ती दूरची दीर्घिका. तिच्या पोटात कृष्णविवर, आणि त्याच्याभोवती गरगरत आत पडणाऱ्या वायूची धगधगती तबकडी. दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांना फिकं पाडील असा तिचा उजेड, आणि तो बघता बघता अर्ध्यावर आला. का? मी म्हणत होते, आत पडणारा वायूच कमी झालाय. तू म्हणत होतास, दिवा होता तसाच आहे, धुळीचा ढग आडवा आलाय. यावरून आईच्या वाढदिवसाला आपली जुंपली आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास. तेव्हापासून तुझं बोलणं म्हणजे एका ओळीचे मेल. फोन सुरू केलेस ते हल्ली.

त्यातलीच ही ओळ: ‘ताई, तुझा शेजारचा तारा तपास.’

अशी भडकले मी! शेजारचा तारा म्हणजे आमचं माप. हवा धूसर झाली, दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली, तर दीर्घिका आणि चित्रातला शेजारचा तारा दोघंही सारखेच मंद दिसतात. म्हणून दीर्घिकेचा उजेड नेहमी त्याच्याशी ताडून बघायचा. हा तारा आमच्या सरांनी निवडलेला. ठळक, देखणा, चित्राच्या मधोमध. त्याच्यावर संशय? ‘हा आता मला मोजायला शिकवणार!’ असं मी अख्ख्या विभागासमोर ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. मग केवळ तुला खोटं पाडायला म्हणून दुसऱ्या ताऱ्यांशी ताडून बघितलं.

तो डुलत होता रे! हळूहळू, अगदी किंचित, फुगत आणि आकसत, आणि उजेडही त्याबरोबर कमीजास्त. इतकी वर्षं लंगडणाऱ्याच्या पावलांनी आम्ही रस्ता मोजत होतो.

नवे तारे घेऊन सगळा आलेख पुन्हा काढला, तर उजेडाची घसरण लख्ख दिसली. मग तो तुझ्या दुर्बिणीच्या आलेखाखाली ठेवला आणि मी खोलीभर येरझारा घालायला लागले. तबकडीपासून लांब धुळीचं कडं आहे. ते तिच्या उजेडानं तापतं आणि त्याची ऊब तुझ्या अवरक्त दुर्बिणीला दिसते. तबकडीचा उजेड तिथवर पोचायलाच कित्येक महिने लागतात. आता मला सांग, ढग फक्त आपल्या वाटेत आडवा आला असता, तर कड्याला त्याचा पत्ता तरी लागला असता का? ते तापलेलंच राहिलं असतं! पण तबकडी मंदावली, आणि काही महिन्यांनी कडंही निवत गेलं. तीच घसरण, तोच आकार, फक्त उशिरा. त्या डुलणाऱ्या ताऱ्यानं आमचा आलेख इतका गढूळ केला होता की हे जुळणं कुणाला दिसलंच नाही.

वायू का आटला? तबकडीतल्या चुंबकी गुंत्यानं त्याला अडवून धरलं असेल, किंवा बाहेरूनच कमी आला असेल. ठाऊक नाही. असं म्हणायची मला कधीच लाज वाटली नाही. ठाऊक नसताना व्यासपीठ गाजवणाऱ्यांची मात्र वाटते. शिवाय शोधायची संधी समोर आहे, कारण तबकडी पुन्हा उजळायला लागलीय! महिनाअखेरच्या परिषदेत आपला निकाल पटला, तरच मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळेल. नाही पटला, तर हे उजळणं कुणी न बघताच निघून जाईल.

ते भाषण तू करायचंस.

कारण तू पडदेवाला. आपल्याच बाजूवर उलटेल अशी ओळ तू लिहिलीस, आणि असा माणूस उभा राहून ‘माझं चुकलं होतं’ म्हणतो तेव्हा सभागृह ऐकतं. मी उभी राहिले तर म्हणतील, ही काय, नेहमीच गरजते.

हे सगळं खरं आहे. तरी तुझी भुवई वर गेली असणार. मी कधी कुणाच्या हाती माइक दिलाय? लहानपणी पाहुण्यांनी तुझं नाव विचारलं तरी मीच सांगायचे.

काल आई म्हणाली, “घर इतकं शांत कधी नव्हतं गं. भांड हवं तर, पण बोल.” मी पाटीवर लिहिलं, ‘डॉक्टरांनी मनाई केलीय.’ तिनं पाटी लांब धरून वाचली आणि म्हणाली, “अक्षर तरी सुधार.” मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तो बसलेला घसा उठलाच नाही. स्वरयंत्रावर गाठ आहे, शुक्रवारी काढतील. नंतर आवाज येईल का, कसा येईल, विचारलं. डॉक्टर म्हणाले, ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला हे शब्द आवडले नाहीत.

म्हणून फोन उचलत नव्हते. उचलून करणार काय होते?

शुक्रवारी धावत येऊ नकोस. भाषण तयार कर. मी माझं लिहून ठेवलं होतं, ते फाडून टाकलं. तुझ्या तोंडी माझी गर्जना शोभायची नाही. तुझ्या त्या एका ओळीसारखं बोल. अडखळ, पाणी पी, पण धुळीच्या कड्याच्या मुद्द्यापाशी आलास की मान वर कर. मी समोर असेन. कुणीतरी उठून आडवातिडवा प्रश्न विचारेल, आणि लहानपणच्या सवयीनं तू माझ्याकडे बघशील.

बघू नकोस. उत्तर तुला येतं.

पहिल्या रांगेत, तोंड मिटून,
तुझी ताई