अर्धा तास काही खायचं नाही

३ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. सूनबाईने ही कोरी डायरी रद्दीत काढली होती, ती मी वाचवली. कोणीही वाचू नये. वाचल्यास आपली लाज आपण बाळगावी.

काल नातीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरात तिला चिमणी म्हणतात. नाव मीच ठेवलं, पण तेव्हा ती अडीच किलोची होती. आज वय आठ, वजन अठ्ठावन्न. बाई म्हणाल्या, हा नुसता खादाडपणा नाही, जन्मतः रक्तातच काही असू शकेल, तपासू. मी मनात म्हटलं, आधी तुमचा काटा तपासू. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले मी. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. माझा शिक्का बसलेला काटा खोटं बोलत नाही. म्हणून पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन नेलंच होतं. बाई फोनवर होत्या तेवढ्यात काट्यावर ठेवलं. पाच किलो, शून्य ग्रॅम. योगायोग.

नर्स म्हणाली, आजोबा, आलाच आहात तर तुम्हीही चढा. मी सांगितलं, काटेवाला कधी काट्यावर चढत नाही, धंद्याचा नियम आहे. असा नियम नाही, पण असायला हवा.

४ जून
योजना तयार. पन्नास दिवसांत चिमणी काडीसारखी. स्वयंपाकघरातल्या खाऊच्या कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. रोज सकाळी कॉलनीला चार फेऱ्या. लाड बंद.

सूनबाई म्हणाली, बाबा, तिला खरंच भूक लागते हो. जेवून उठली की पुन्हा लागते. मी म्हटलं, भूक कोणाला लागत नाही? मलाही लागते. मी कधी बोलून दाखवतो?

५ जून, दुपारी ३
किल्ली चालते का पाहायला कपाट उघडलं. चालते. क्रीमची बिस्किटं मऊ पडायच्या बेतात होती. पोरीच्या हाती लागू नयेत म्हणून संपवली.

७ जून
फेऱ्या सुरू. मी बाकावर बसून घड्याळ धरलं. शिकवणाऱ्याने पळायचं नसतं. दुसऱ्याच फेरीला ती धापा टाकत शेजारी येऊन बसली आणि गुडघे चोळायला लागली. म्हणाली, आजोबा, तुम्ही उठलात की बाक वर येतो. व्यायामात लक्ष नाही ते असं.

११ जून
चिमणीने आक्काचा जुना अल्बम उघडला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, आक्काआजीच्या शेजारी हा ढोल्या मुलगा कोण? मी सांगितलं, शेजाऱ्यांचा. ती म्हणाली, मग याने तुमच्या शाळेचा पट्टा का घातलाय? मी म्हटलं, शेजाऱ्यांना वस्तू उसन्या न्यायची सवय होती. लहानपणी मी अगदी पाप्याचं पितर होतो.

१५ जून
चिमणीला घरच्या काट्यावर चढवलं. हा माझ्या हातचा, शिक्क्याचा. अठ्ठावन्न किलो नऊशे ग्रॅम. वाढलं!

शिवाय कपाटातला माल भराभर कमी होतोय. किल्ली तर माझ्याकडे. म्हणजे सूनबाईने दुसरी करून घेतली. तिला तसं सुनावलं. चिमणी म्हणाली, आजोबा, मिशीला चॉकलेट लागलंय.

औषध असेल. खोकल्याचं तसंच दिसतं.

२० जून
पुन्हा डॉक्टरीणबाई. मुलगा, सूनबाई आणि मी, तिघांना समोर बसवून समजावलं. माणसाचं पोट भरलं की मेंदूत एक घंटा वाजते, तेव्हा आपण थांबतो. या मुलीची घंटा वाजतच नाही. ताट संपलं तरी तिच्या लेखी जेवण सुरूच झालेलं नसतं. त्यात तिचा दोष नाही की आईचा नाही. मात्र आठव्या वर्षी साखर काठावर आली आहे, लिव्हरवर चरबी आहे, झोपेत मधेच श्वास अडकतो. अशा काही मुलांना एक इंजेक्शन लागू पडतं. ते तज्ज्ञांच्या समितीने मंजूर करावं लागतं. समिती बसणार बारा ऑगस्टला, मग थेट तीन महिन्यांनी.

आमच्या वेळी कोणाच्या डोक्यात घंटा नव्हत्या. शाळेत होती तेवढी पुरायची.

पुढे ऐकावं ते नवलच. चिमणी आणि माझा मुलगा, दोघांच्या जनुकांच्या तपासणीत एकाच जागी एक अक्षर चुकलेलं निघालं म्हणे. (मुलगा माझ्यावर गेला आहे, म्हणजे भक्कम.) हे अक्षर वजनाबरोबर घराण्यात खाली उतरत आलंय हे दाखवता आलं, तर समितीपुढे बाजू पक्की होईल. म्हणून आजोबांची थुंकी हवी. एक नळी दिली. घरीच भरायची, फक्त आधी अर्धा तास काही खायचं नाही.

२१ जून
देणार नाही. आमच्या घराण्यात जाड कोणी नाही. माझं हाड मोठं आहे. जाडी आली ती सूनबाईच्या माहेरून. ती स्वतः अंगाने फाटकी आहे, पण तेच संशयास्पद. कुठे लपवली?

मुलगा म्हणाला, बाबा, थुंकीच मागतायत, किडनी नाही.

२३ जून
घरात अबोला. बरं, देतो. एकदा अहवाल स्वच्छ आला की सगळ्यांची तोंडं बंद.

सकाळी नऊला बसलो. सव्वानऊला चुकून शेंगदाणे. दहाला पुन्हा बसलो. सव्वीस मिनिटं झाली आणि टोस्टचा डबा आपोआप उघडला. दुपारी झोपून पाहिलं. स्वप्नात केक खाल्ला. तो धरतात की नाही, नळीवर लिहिलेलं नाही.

२४ जून, संध्याकाळी ६
काम फत्ते. नाक्यावरच्या शिंपी मास्तरांकडे गेलो. मास्तर माझ्याच वयाचे आणि त्यांच्या टेपसारखे सडपातळ. (ती टेप माझ्या कमरेला पुरत नाही. हल्लीच्या टेपा आखूड असतात.) त्यांना सांगितलं, म्हाताऱ्यांची पाहणी चाललीय, यात थुंका. म्हणाले, पाहणीवाल्यांना दुसरं काही मिळालं नाही का? पण थुंकले. त्याआधी अर्धा तास उपाशी बसले, पेपर वाचत, निर्विकारपणे. मी शेजारी बसून चहाबरोबरचे बटर संपवले. या माणसाला भावनाच नाहीत.

यात खोटं काही नाही. दुकानदार पोत्यातला चांगला तांदूळच नमुन्याला दाखवतो. फॉर्मवर नाव माझं, वय चौऱ्याहत्तर, वजन बहात्तर (अंदाजे). झाकणावर चिकटपट्टी मी स्वतः लावली. काट्यावर माझा शिक्का कधी वाकडा बसला नाही. आज पट्टी वाकडी बसली. वय.

१० जुलै
अहवालाची वाट. योजना पन्नासऐवजी शंभर दिवसांची केली. चिमणीचं वजन साठ. आज जेवल्यावर तिने मला विचारलं, आजोबा, तुम्हाला जेवल्यावर पण भूक लागते का? मी म्हटलं, गृहपाठ कर.

२२ जुलै
अहवाल आला. बाईंनी फक्त मुलाला आणि सूनबाईला आत बोलावलं. मी बाहेर बसलो. बाहेर आले तेव्हा मुलाचा चेहरा पांढराफटक. मी विचारलं, माझं काय निघालं? म्हणाला, तुमच्यात ते अक्षर नाही, बाबा. मी म्हटलं, बघ, सांगत नव्हतो? तो म्हणाला, हो. मग गाडीत बसेपर्यंत माझा हात धरून चालला. रस्ता सपाट होता.

२५ जुलै
घरात माझा मान एकदम वाढला आहे. सूनबाई न मागता दुसऱ्यांदा वाढते. तिसऱ्यांदाही. सत्य सिद्ध झालं की माणसं अशी वठणीवर येतात.

इंजेक्शनचं काय म्हणून विचारलं. कागद अडलेत म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अडणारच. मुळात आजारच नाही.

२९ जुलै
हिचा, म्हणजे माझ्या कैलासवासी पत्नीचा, हॉलमधला फोटो जागेवर नाही. मुलाने काढून त्याच्या कपाटात ठेवला म्हणे. नवी फ्रेम करणार असेल. चांगला मुलगा आहे. रोज आरशासमोर उभा राहून नाक दाबून बघतो. सर्दी झाली असावी.

२ ऑगस्ट
मुलगा संध्याकाळी माझ्या पलंगावर येऊन बसला. माझी उशी सरळ केली. मग म्हणाला, काहीही झालं तरी माझे बाबा तुम्हीच. मी म्हटलं, अर्थात मीच, दुसरं कोण असणार? तो उठून गेला. प्रमोशन हुकलं असेल.

६ ऑगस्ट, सकाळी ११
आक्का न कळवता टॅक्सीने आली. वय ऐंशी, जिभेला अजून धार. आल्या आल्या माझ्या खोलीचं दार लावलं आणि म्हणाली, लाज वाटते का रे? तुझा मुलगा फोनवर रडत मला विचारतोय, आत्या, माझे वडील कोण? अहवालात लिहिलंय, नमुना देणारा माणूस या मुलाचा बाप असू शकत नाही. आठवडाभर पोरगा आईचा फोटो कपाटात घालून बसलाय. मी तुमच्या संसारात चार वर्षं राहिलेय. दिवसभर तुझ्या ताटात वाढता वाढता त्या बिचारीला मान वर करायची फुरसत नव्हती, आणि तिच्यावर हे बालंट! काय केलंस तू?

मी काही केलं नाही, असं म्हणालो.

मग सांगितलं.

आक्का खुर्चीत बसली. विचारलं, कोणाची थुंकी? म्हटलं, शिंपी मास्तरांची. ती म्हणाली, चला, निदान मास्तरांवर तरी कोणी संशय घेणार नाही.

मग म्हणाली, आणि घराण्यात जाड कोणी नाही काय? शाळेत तुला ढब्बू म्हणायचे. आई पावाचा डबा माळ्यावर दोरीने बांधून ठेवायची. तू खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचास, मार खायचास आणि मार खाता खाता चावत असायचास. विसरलास?

विसरलो नव्हतो. स्टूल हिरवं होतं.

दुपारी ४
चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगा उठला. कपाटातून आईचा फोटो काढला, स्वतःच्या शर्टाने पुसला, खिळ्याला लावला, वाकडा झाला तो सरळ केला. मग बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता. पाणी किती वाया गेलं.

सूनबाईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नवा नमुना तपासायला चार आठवडे. समिती सहा दिवसांवर. फोन ठेवून ती एवढंच म्हणाली, तीन महिने, बाबा. तिने आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

खाऊच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

७ ऑगस्ट
मास्तरांना खरं सांगायला गेलो. ते म्हणाले, म्हणजे माझ्यात दोष नाही हे तरी नक्की कळलं ना? माझा अहवाल मला द्या, फ्रेम करतो. मी मनात म्हटलं, हल्ली माणुसकी राहिली नाही.

९ ऑगस्ट, दवाखान्यात
यावेळी नळी घरी दिली नाही. बाई म्हणाल्या, इथेच बसा, माझ्यासमोर. शाळेला सुट्टी म्हणून चिमणी सोबत आली. किल्ली तिच्या मुठीत. सूनबाईने तिलाच सांभाळायला दिली आहे. म्हणाली, चिमणीने एकदाही कुलपाला हात लावला नव्हता.

भिंतीवर घड्याळ. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. अकराव्या मिनिटाला समोरच्या बाईने मुलाला केळं सोलून दिलं. मी खिडकीकडे पाहिलं. चिमणीनेही. पंधराव्या मिनिटाला खिसे चाचपले. रिकामे. तासाभरापूर्वीच पोटभर जेवलो होतो, आणि पोटात असं काही चाललं होतं की जणू दोन दिवसांचा उपाशी आहे. विसाव्या मिनिटाला चिमणीने विचारलं, आजोबा, आत्ता लागलीय? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, पाय हलवा, जरा बरं वाटतं. मी शाळेत तेच करते. रोज.

दोघांनी पाय हलवले. बाक वर-खाली होत राहिला. अर्धा तास झाला. थुंकलो.

नर्सने फॉर्म काढला. मागच्या फॉर्मवर बहात्तर लिहिलंय, म्हणाली, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हटलं, अंदाजे होतं. ती म्हणाली, चढा.

आधी पिशवीतलं लोखंडी वजन ठेवलं. पाच किलो, शून्य ग्रॅम. ते उतरवलं. चपला काढल्या. चष्मा काढला. मग चढलो. चष्म्याशिवाय आकडे दिसेनात, म्हणून चिमणीने वाचले. शाळेत शिकवतात तसे, मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातील असे.

एकशे एकवीस पूर्णांक चार.

काटा बरोबर आहे.