तळ्याला मारलेलं बूच

ती. हेस्टरताईस,

स्वयंपाकघरात खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या धाकट्या एनॉकचा नमस्कार. (मी आणि मांडी! पण पाय खाली सोडायची सोय नाही. का, ते पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? समुद्राची हवा मानवली का? की तिथेही शेजारणीशी कुंपणावरून वाजलं? वाजलं असेल तर तूच जिंकली असशील, त्यामुळे चौकशी करत नाही.

लेटीचं विचारशील. डॉक्टरांनी आता औषध बदलणं थांबवलंय, त्यावरून काय ते समज. ती उन्हाळा बघेल असं त्यांना वाटत नाही. तिलाही वाटत नाही. फरक एवढाच की ती हे हसत सांगते आणि डॉक्टर बिचारे टोपी हातात फिरवत सांगतात. तिचा पलंग आम्ही खाली स्वयंपाकघरात आणलाय, खिडकीशी, कारण तिथून तळं दिसतं. म्हणजे तळ्याची जागा दिसते. दोन हिवाळे कोरडे गेले आणि आपलं तळं आटलं ते आटलंच. तळाशी एक लहान मुलांची गाडी, पाद्रीबाबांची चोरीला गेलेली सायकल (त्यांनी ज्याच्यावर आळ घेतला होता त्याची अजून माफी मागितलेली नाही) आणि पांढऱ्या खडूची जमीन, बाकी काही उरलं नव्हतं. आणि लेटीचं मागणं एकच, मला एकदा त्यात पाणी बघू दे.

ताई, तुला ठाऊक आहे ती कशी होती. थंडी असो, धुकं असो, रोज सकाळी तळ्यात. लोक म्हणायचे बाईचं डोकं फिरलंय. ती म्हणायची, झऱ्याचं पाणी बारा महिने सारखंच असतं, बदलतो तो तुमचा भित्रेपणा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही पाण्यातच, आणि तिने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते, "तोंड फिरव तिकडे, मेंढरासारखा बघतोस काय!" हे. तोंड फिरवलं ते थेट लग्नाच्या दिवशी तिच्याकडे वळवलं. मग अशा बाईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि ते देता येत नाही म्हटल्यावर माझी झोपच उडाली.

तर गेल्या पानगळीत तोबी लव्हलॉक आला. (तोच, वरच्या टेकडीवरचा मेंढपाळ. तुला त्याने एकदा लग्नाचं विचारलं होतं आणि तू त्याच्या अंगावर बादली रिकामी केली होतीस. अजून तुझी आठवण काढतो, सावधपणे.) सफरचंदाच्या दारूचे तीन पेले पोटात गेल्यावर तोबीला अक्कल सुचते आणि चौथ्याला ती इतरांना पटते, तशी ती मला पटली. तो म्हणाला, "एनॉक, टेकडीवर आपल्या आज्या-पणज्यांनी मेंढरांसाठी डबकी केली. खडूच्या जमिनीत पाणी टिकतं का? नाही टिकत. म्हणून त्यांनी खाली चिकणमाती आणि पेंढा पसरला, वरून मेंढ्या नाचवल्या, माती घट्ट केली. शंभर वर्षं झाली, थेंब गळत नाही. मग तळ्यालाही तसंच करू की! यंदा पडेल तो पाऊस तरी आत राहील."

काय सांगू ताई, अख्खं गाव कामाला लागलं. वीटभट्टीवरून चिकणमातीच्या गाड्या आल्या. प्रत्येक घरातून पेंढा आला. तोबीने सगळा कळप तळ्यात उतरवला आणि आम्ही त्याला गोल गोल हाकलत होतो. पाद्रीबाबा झगा खोचून पुढे, तोबीची कुत्री मागे, आणि मध्ये मी, दोनदा पालथा. एक म्हातारी मेंढी मधोमध बसली ती हलेना. लेटीने खिडकी उघडायला लावली आणि तिथून ओरडली, "तिला बसू दे, तुम्हा सगळ्यांत शहाणी तीच आहे!" त्या दिवशी ती इतकी हसली की मला वाटलं ही बरी होणार. खरंच वाटलं मला तसं.

मग नाताळापासून पाऊस लागला तो थांबेना. आमच्याकडे डोंगराचा स्वभाव तुला माहीतच आहे, पाऊस आज पितो आणि झऱ्यातून देतो पार फेब्रुवारीत. फेब्रुवारी आला. दारूच्या गुत्त्यात तळघरातली पिंपं तरंगायला लागली. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी फरशीतून धार उडाली (पाद्रीबाबांना आधी तो चमत्कार वाटला, मग त्यांचे मोजे भिजले). पोस्टाच्या दारातून ओढा वाहू लागला. आणि तळ्यात? तळ्यात बशीत सांडलेल्या चहाएवढं पावसाचं पाणी. आम्ही सगळे काठावर उभे राहून डोकी खाजवतोय. घरी येऊन लेटीला सांगितलं, तर तिने विचारलं,

"एनॉक, आपलं तळं भरतं ते वरून की खालून?"

"खालून. झऱ्यांनी."

"आणि तुम्ही खाली काय केलंत?"

मी कपाळावर हात मारला. डबकं आभाळातून भरतं, तळं जमिनीतून. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, मेंढ्यांची मदत घेऊन, झऱ्यांच्या तोंडाला बूच मारलं होतं! तोबीला सांगितलं तर तो भिंतीला टेकून खालीच बसला. मी तर रडलोच, ताई. तिची एक इच्छा होती, तिची वाट मी माझ्या हातांनी बंद केली.

मग गेल्या आठवड्यात एका सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या फरश्यांतून पाणी आलं. आधी चुलीपाशी, मग टेबलाखाली. मी पोतं आणि बादली घेऊन धावलो, तर लेटी म्हणाली, "राहू दे रे. मला जरा उठवून बसव." बसवली. तिने पाय खाली सोडले, घोट्यापर्यंत. डोळे मिटले. म्हणाली, "तेच पाणी." मग मलाही बूट काढायला लावले आणि आम्ही दोघं पलंगावर बसून पाय हलवत राहिलो. तेव्हापासून मला पुसू देत नाही. रोज सकाळी पाय सोडून बसते. मी मात्र थंडीने खुर्चीवर मांडी घालतो, त्यावरूनही बोलणी खातो.

बाकी क्षेम. कंबरेला ऊब दे.

तुझा,
एनॉक

ता.क. वरचं रविवारी लिहिलं आणि टपालात टाकायचं राहिलं. मंगळवारी सकाळी लेटी गेली. पाद्रीबाबांनी तार केलीच आहे, तिच्यात मावलं नाही ते इथे. पाय पाण्यात होते. मला वाटलं डुलकी लागली, म्हणून मी हळूच बोलत होतो. बराच वेळ बोलत होतो.

ता.क. दुसरा. दफन सोमवारी. पेटी उचलणारे म्हणतात, ओल्या फरशीवर पाय घसरतील. लांब रबरी बूट असतील तेवढे आण.

ता.क. तिसरा. खरं तर हेच लिहायचं होतं. तोबी आणि मंडळी पहारी घेऊन तयार आहेत. तळ्यातली माती फोडली की पाणी तिकडे जाईल आणि घर संध्याकाळपर्यंत कोरडं होईल, असं ते म्हणतात. मी त्यांना एकदा चहा पाजून परत पाठवलं, एकदा पहार गंजलीय म्हणून, आणि आज रविवार आहे म्हणून, तर आज गुरुवार निघाला. ते टोप्या काढून निघून गेले. ताई, तिच्या पायांना लागलेलं पाणी आहे हे. मला ते घराबाहेर घालवता येत नाही. लहानपणापासून मी ऐकलंय ते फक्त तुझं. सोमवारी तू येशीलच, पण शनिवारी ये. ये आणि मला ओरड. तू ओरडलीस तरच मी त्यांना हो म्हणेन.