दोन गाठींची रेघ

प्रिय शाईबाई,

मी, खाली सही करणार, तुझा बाप, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा गावचे नोटरीकाम, हल्ली निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो, की नातीच्या शाळाप्रवेशाचा तू पाठवलेला अर्ज मला मिळाला. त्यात कुटुंबप्रमुखाच्या सहीची जागा कोरी आहे, आणि मुलीच्या वडिलांच्या नावाचा रकानाही कोरा आहे. आठवडाभर तो माझ्या टेबलावर आहे. तुझी आई येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसते. धूळ नसतेच.

आधी माझ्या कामाची हकिगत. आपल्या घराण्यात सहा पिढ्या नोटरी झाल्या. पहिला पुरुष मोठ्या सरदाराचा मुलगा, असे माझे आजोबा सांगत. मीही तशी वंशावळ चौकटीत बसवून कचेरीच्या भिंतीवर लावली. पण पुरावा नाही ती गावगप्पा, हे मी जन्मभर पक्षकारांना सुनावले आहे. म्हणून गेले वर्षभर दर मंगळवारी बसने दप्तरखान्यात जाऊन जुने दस्त चाळले. तिथला दप्तरदार मोठा टवाळ. मला पाहिले की म्हणे, "या आजोबा! पूर्वज सापडेपर्यंत तुम्हीच कुणाचे तरी पूर्वज व्हाल." तो मी चार वर्षांपूर्वीच झालो आहे, असे मी त्याला बजावले.

नावांवर मी विसंबलो नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचेच नाव ठेवत आले, त्यामुळे नावावरून कोण कुठला ते कळत नाही. मी आपली रेघ शोधत गेलो. ओळीत जागा उरली तर मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून ती रेघेने बंद करायची, हे सगळेच नोटरी करतात. त्या रेघेच्या मध्यावर लेखणी वळवून काढलेल्या दोन गाठी मात्र फक्त आपल्याच घरात. तू सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून ती शिकलीस आणि बोटे, फ्रॉक, माझा सदरा, सगळे निळे करून ठेवलेस. शाईबाई हे नाव तेव्हाचे. तीच रेघ धरून मी पणजोबांच्याही मागे गेलो.

परवाच्या मंगळवारी पहिल्या पुरुषाचा नेमणुकीचा अर्ज हाती आला. स्वतःच्या अक्षरात भरलेला. नाव, वय, गाव. आणि बापाच्या नावापुढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन गाठींची रेघ. खाली अधिकाऱ्याचा शेरा: "रस्त्याकडेला सापडलेले मूल. एखादे बरेसे नाव लिही, असे सुचवले. खोटे लिहिणार नाही, म्हणतो. नेमावा." दप्तरदाराने तो मोठ्याने वाचला आणि मी न सांगताच त्याची नक्कल उतरवायला घेतली.

चार वर्षांपूर्वी तू तान्ह्या लेकीला घेऊन जन्मनोंदीचा कागद माझ्यापुढे ठेवलास. "कोणाचे तरी बरेसे नाव लिही, लोक विचारतात," असे मी, दुसऱ्यांना शपथा देऊन पोट भरणारा माणूस, तुला म्हणालो. "खोटं नाही लिहिणार, बाबा," एवढेच बोलून तू निघालीस, आणि मी दार लावून घेतले. चूक माझी. खाडाखोड झाली की शेजारी सही करावी लागते, म्हणून हे पत्र. अर्ज सोबत जोडला आहे. कुटुंबप्रमुख म्हणून मी सही केली आहे आणि वडिलांच्या रकान्यात आपली रेघ स्वतः ओढली आहे. गाठी दोन्ही स्वच्छ आल्या. शाळेत कोणी भुवया उंचावल्या तर ठणकावून सांग, आमच्या घराण्याची पहिल्यापासून हीच रीत आहे. भिंतीवरची चौकट मी उतरवली.

तुझाच,
बाबा

साक्षीदार:
१. तुझी आई. खांद्यावरून वाचते आहे आणि "आता आटपा, टपाल निघून जाईल" म्हणते आहे.
२. दप्तरदार. शेऱ्याची नक्कल घेऊन आला, दुसरा चहा चालू आहे.
३. ही जागा कोरी ठेवली आहे. रेघ ओढलेली नाही. मायलेकींनी येऊन भरावी.